परदेशातील बालगृहाच्या मदतीला तरुणांचा गट नेताना

पहिल्यांदा असा गट घेऊन जाणारा कार्यकर्ता सहसा विमानाच्या तिकिटांपासून सुरुवात करतो. तारखा ठरतात, मग देश ठरतो, मग कोणीतरी त्या देशातील एखाद्या बालगृहाचे नाव सुचवते आणि तेथे जाऊन नेमके काय करायचे याचा विचार शेवटच्या महिन्यात, सामानाची यादी करता करता होतो. या लेखात तोच क्रम उलटा केला आहे. सोळा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींचा गट परदेशात नेऊ इच्छिणारे शिक्षक, युवक मंडळांचे कार्यकर्ते आणि प्रथमच नेतृत्व करणारे स्वयंसेवक यांच्यासाठी तो लिहिला आहे. बालगृहात, पालक-कुटुंबात (दुसऱ्यांचे मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबात) किंवा नातेवाइकांकडे, म्हणजे आई-वडिलांपासून दूर पण कोणाच्या तरी अधिकृत देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांना मी येथे ‘संगोपनातील मुले’ म्हटले आहे. तयारीला एक वर्ष लागते असे गृहीत धरावे. सहा महिन्यांत जे उरकते ते बहुधा केवळ प्रवासाचे नियोजन असते.

१. आधी मुलांच्या बाजूने विषय समजून घ्या

माझ्या पहिल्या फेरीत आम्ही चौदा जण दोन आठवड्यांसाठी गेलो होतो. लहान मुलांना कडेवर घेणे, भरवणे, झोपवताना गाणी म्हणणे हेच आमचे काम होते. निरोपाच्या दिवशी मुले रडली, आम्हीही रडलो, आणि ते रडणे म्हणजे कामाच्या यशाची पावती आहे असे आम्ही समजलो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा लहान मुलांच्या खोलीत झोपणाऱ्या मावशींनी दुभाष्यामार्फत सांगितले की, आम्ही गेल्यावर आठ-दहा दिवस चार मुले रोज रात्री अंथरूण ओले करत होती आणि त्या एकट्या पहाटे उठून चादरी धूत होत्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ऋतू बदलला की सर्दी होते, तशी ती गोष्ट त्यांनी सांगितली. दरवर्षी चार-पाच गट येत असल्यामुळे त्यांना तिची सवय झाली होती.

यामागचे कारण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालात, लहान मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी आईशी किंवा तिच्या जागी कायम असणाऱ्या व्यक्तीशी प्रेमाचे, जवळचे आणि अखंड नाते आवश्यक असते, असे मांडले होते. यातील ‘अखंड’ हा शब्द आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. रोमानियात १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत वाढत असल्याचे जगासमोर आले. पुढे २००० च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमध्ये सहा ते एकतीस महिने वयाच्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निवड करावी त्या पद्धतीने निम्मी मुले पालक-कुटुंबांकडे सोपवण्यात आली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ आणि माणसांशी नाते जोडण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली दिसली, आणि वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी जी कुटुंबात पोहोचली त्यांच्यात हा फरक अधिक ठळक होता.

हे वाचल्यावर एक नेहमीचे दृश्य वेगळे दिसू लागते. फाटकातून आत शिरताच एखादे तीन वर्षांचे मूल धावत येऊन अनोळखी माणसाच्या पायाला मिठी मारते, आणि पाहुणा हरखून जातो. घरात वाढलेले त्या वयाचे मूल अनोळखी माणूस दिसल्यावर आधी आपल्या माणसामागे लपते. कोणालाही सारख्याच ओढीने बिलगणे हे बहुतेक वेळा, आपले म्हणावे असे एक माणूस त्या मुलाला मिळालेले नाही, याचे चिन्ह असते. दोन आठवड्यांनी परत जाणारा तरुण त्या मुलाला सोडून गेलेल्यांच्या यादीत आणखी एका माणसाची भर घालतो.

दुसरी जाणून घेण्याची गोष्ट म्हणजे बालगृहातील मुले बहुतांशी अनाथ नसतात. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या २००९ मधील अहवालानुसार संस्थांत राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांची आई, वडील किंवा दोघेही हयात असतात. गरिबी, आजारपण, अपंगत्व, शाळा लांब असणे, अशा कारणांनी ती तेथे पोहोचलेली असतात. काही ठिकाणी तर पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुले आणली जातात. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तिच्यामागे अनाथ मुलांच्या संख्येपेक्षा परदेशी देणगीदार आणि पर्यटक यांचा ओघ हे मोठे कारण होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने डिसेंबर २०१७ मधील अहवालात नफ्यासाठी मुलांना बालगृहांत भरती करण्याच्या या प्रकाराची आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून दूर करण्याचे कारण असू नये आणि तीन वर्षांखालील मुलांचे संगोपन कुटुंबातच व्हावे, ही त्यांतील दोन तत्त्वे गटातील प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत. त्याच आमसभेच्या २०१९ मधील ठरावात बालगृहांतील स्वयंसेवेच्या कार्यक्रमांमुळे, विशेषतः पर्यटनाच्या अंगाने चालणाऱ्या कार्यक्रमांमुळे, होणाऱ्या हानीला आळा घालण्याचे आवाहन सदस्य देशांना करण्यात आले आहे.

मग जावेच का, हा प्रश्न गटात कोणीतरी विचारेल, आणि तो विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे आहे की मुलांजवळ कायम राहणाऱ्या माणसांच्या मदतीला जावे. सांभाळणाऱ्या मावशी, समाजकार्यकर्ते, पालक-कुटुंबे, मुलाला परत घरी नेण्यासाठी धडपडणारी आई, ही ती माणसे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका निर्णयातून येतात.

२. यजमान संस्था निवडा, आणि तिला तुमची निवड करू द्या

चांगली संस्था ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे ती तुम्हाला सहजासहजी आत घेत नाही. ती तुमच्या गटाची माहिती मागते, पोलिसांची चारित्र्य प्रमाणपत्रे मागते, स्वतःचे बालसंरक्षण धोरण पाठवून त्यावर सही मागते आणि तुमच्या अर्ध्या कल्पनांना नकार देते. माझ्या अनुभवात ज्या संस्थेने पहिल्याच पत्राला ‘कधीही या, मुलांना आनंद होईल’ असे उत्तर दिले, तिच्याकडे पुढे विचारण्यासारखे फारसे काही उरले नाही.

पत्रव्यवहारात विचारायचे प्रश्न असे असावेत. मुले संस्थेत कशी आली, आणि त्यांना पाठवण्याचा निर्णय न्यायालयाने, शासकीय यंत्रणेने की आणखी कोणी घेतला? किती मुलांचा आई-वडिलांशी वा नातेवाइकांशी नियमित संपर्क आहे? गेल्या तीन वर्षांत किती मुले घरी परतली किंवा पालक-कुटुंबात गेली? प्रत्येक मुलाचा स्वतंत्र संगोपन आराखडा आहे का आणि तो किती महिन्यांनी तपासला जातो? संस्थेची नोंदणी कोणाकडे आहे आणि शेवटची तपासणी केव्हा झाली? आपण देत असलेली रक्कम कोणत्या खर्चात जाते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, किंवा दरमाणशी दराच्या पलीकडे काहीच कळले नाही, तर तेथे थांबावे. घरी परतलेल्या मुलांचा आकडा शून्य असेल आणि संस्थेला त्यात काही वावगे वाटत नसेल, तरीही थांबावे.

काही गोष्टी दिसताच नकार द्यायला हरकत नाही. पूर्वसूचनेशिवाय कोणालाही आत येऊ देणे, पाहुण्यांसमोर मुलांना नाचायला वा गायला उभे करणे, मुलांचे फोटो आणि कहाण्या दाखवून देणगी मागणे, स्वयंसेवकाला मुलांसोबत एकटे बाहेर जाऊ देणे, आणि पर्यटकांच्या वाटेवर मुद्दाम उभारलेली इमारत, या त्या गोष्टी होत. मुले अस्वच्छ आणि उपाशी दिसली म्हणून काही गट अधिक पैसे देऊन येतात. क्वचित ती अवस्था पैसे यावेत म्हणूनच तशी ठेवलेली असते, हे कटू असले तरी ठाऊक असावे.

शक्य असेल तर गटप्रमुखाने गटाच्या आधी एकदा जाऊन यावे. या फेरीचा खर्च अनेकांना उधळपट्टी वाटतो, मला तो संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत उपयोगी खर्च वाटतो. त्या फेरीत मुलांपेक्षा कर्मचाऱ्यांशी अधिक बोलावे, त्यांना पगार वेळेवर मिळतो का हे पाहावे आणि मागील गट गेल्यावर काय झाले, हे एकट्याने विचारावे.

३. काम ठरवा

काम ठरवताना मी एकच कसोटी वापरतो: आपल्या स्वतःच्या देशातील बालगृहात एखाद्या प्रशिक्षण नसलेल्या सतरा वर्षांच्या परदेशी मुलाला हे काम करू दिले असते का? परक्या मुलांना अंघोळ घालणे, औषध देणे, रात्री त्यांच्या खोलीत थांबणे, त्यांच्या जखमांविषयी बोलणे, ही कामे या कसोटीवर पहिल्याच फटक्यात बाद होतात. दुसरा देश गरीब आहे म्हणून तेथील मुलांसाठी कसोटी सैल करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उरणारी कामे कमी दिमाखदार असतात, पण त्यांची यादी लहान नाही. कर्मचाऱ्यांची विश्रांतीची खोली, स्वयंपाकघर, साठवणीची जागा यांची डागडुजी करता येते. मात्र स्थानिक गवंडी वा रंगाऱ्याची रोजी आपण हिरावत नाही ना, हे आधी पाहावे. शक्यतो त्यालाच कामावर ठेवून गटाने त्याच्या हाताखाली राबावे. एका बालगृहाच्या सभागृहात भिंतीचा पोपडा निघाला होता, तेव्हा खाली एकावर एक तीन रंग दिसत होते आणि प्रत्येक रंगात रंगाचे ओले हात उमटवून सजावट केलेली होती. प्रत्येक गट तीच भिंत पुन्हा रंगवून गेला होता. मागच्या बाजूचे गळके छप्पर मात्र कोणी विचारले नव्हते.

मुलांसोबत थेट काम करायचेच असेल तर ते संस्थेच्या आवाराबाहेर, परिसरातील इतर मुलांसह आणि स्थानिक शिक्षकांच्या नेतृत्वाखाली व्हावे. शाळेच्या सुटीतील खेळांचे किंवा विज्ञानाचे शिबिर हे याचे चांगले उदाहरण आहे. त्यात संगोपनातील मूल बाकीच्या मुलांतील एक होऊन येते, त्याच्यावर वेगळा शिक्का बसत नाही. शिबिर स्थानिक शिक्षक चालवतात, आपला गट साहित्य लावतो, मैदान आखतो, गुण मोजतो. नेतृत्वाची हौस असलेल्या तरुणांना हे कमीपणाचे वाटते. तसे वाटणाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे.

तरुणांचा गट खरोखर उपयोगी ठरतो तो संगोपनातील मोठ्या मुलांसाठी. अनेक देशांत वयाच्या अठराव्या वर्षी संस्थेचा आधार संपतो आणि ज्याने कधी स्वतःचे बँक खाते उघडलेले नाही, घरभाडे ठरवलेले नाही, मुलाखत दिलेली नाही, असा मुलगा वा मुलगी एका दिवसात स्वतंत्र होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्याच वयाचे कोणी भेटणे, दोघांनी मिळून नोकरीचा अर्ज लिहिणे, महिन्याचा खर्च मांडणे, सायकल दुरुस्त करणे किंवा एखादी भाषा परस्परांकडून शिकणे, यात तीन वर्षांच्या मुलाला बिलगू देण्याची जोखीम नसते, कारण जाणाऱ्याचे जाणे त्याला समजते. हे काम स्थानिक समाजकार्यकर्त्याने आखलेले असावे आणि संस्थेतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण त्यात असावेत. अमुक एक गोष्ट मला कोणी सांगितली असती तर बरे झाले असते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

आणि कधी कधी सर्वांत योग्य निर्णय हा न जाण्याचा असतो. पंधरा जणांच्या विमानप्रवासाचा खर्च अनेक ठिकाणी एका समाजकार्यकर्त्याच्या वर्षभराच्या पगाराहून अधिक भरतो. हा हिशेब गटासमोर आकड्यांनिशी मांडावा. आमच्या एका गटाने तो पाहून चौघांनीच जायचे आणि उरलेली रक्कम तेथील पालक-कुटुंबांच्या प्रशिक्षणाला द्यायची, असे ठरवले. बाकीच्यांची निराशा झाली, पण त्यांनी वर्षभर निधी उभा केला.

४. गट निवडा आणि तपासा

जो पैसे भरेल तो सदस्य, ही पद्धत येथे चालत नाही. लेखी अर्ज, मुलाखत, दोन परिचितांची शिफारसपत्रे आणि अठरा वर्षांवरील प्रत्येकाची पोलीस पडताळणी, एवढे किमान असावे. ब्रिटनमधून परदेशात मुलांसोबत काम करायला जाणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्राची सोय आहे. ऑस्ट्रेलियात मुलांसोबत काम करण्याची परवानगी राज्यांकडून घ्यावी लागते. आपल्या देशात जी व्यवस्था असेल ती वापरावी आणि ती वेळ खाते हे लक्षात ठेवून चार महिने आधी अर्ज करावा. प्रमाणपत्र कोरे आले म्हणजे माणूस निर्धोक ठरला असे नाही, तो आजवर पकडला गेलेला नाही एवढेच त्यातून कळते. म्हणून पुढे येणारे वर्तनाचे नियम गटप्रमुखासह सर्वांना सारखे लागू असावेत.

मुलाखतीत मी विचारतो, ‘तेथे तुला दोन आठवडे एकाही लहान मुलाशी खेळायला मिळाले नाही तर?’ उत्तरापेक्षा चेहऱ्याकडे पाहतो. स्वतःच्या दुःखातून सावरण्यासाठी निघालेले तरुण असतात, अलीकडेच घरात मृत्यू पाहिलेले असतात; त्यांना नाकारायचे नाही, पण या वर्षी जाणे त्यांच्यासाठी बरे आहे का, हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायचे. स्वतः संगोपनात वाढलेले तरुण गटात असतील तर त्यांची ओळख इतरांना सांगायची की नाही हे केवळ त्यांनी ठरवायचे.

बालहक्क संहितेनुसार, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारानुसार, अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्यामुळे गटातील सोळा-सतरा वर्षांचे सदस्य मदतनीस असले तरी त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी आपलीच राहते. त्यांच्या निवासात परके प्रौढ नसावेत आणि पालकांची लेखी संमती असावी. मोठी माणसे किमान तीन न्यावीत, कारण एक जण आजारी सदस्याबरोबर रुग्णालयात अडकला तरी गटाजवळ दोघे उरतात. युरोपीय संघाच्या सॉलिडॅरिटी कोअर या कार्यक्रमात सर्वसाधारण स्वयंसेवेसाठी वय अठरा ते तीस असावे लागते; पुष्कळ यजमान संस्थाही अठरा वर्षांखालील सदस्य घेत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालू नये.

५. जाण्यापूर्वीचे प्रशिक्षण

किमान पाच बैठका घ्याव्यात आणि त्यांतील दोन निव्वळ प्रसंगांच्या सरावासाठी ठेवाव्यात. नियम वाचून दाखवले की ते विसरले जातात. प्रसंग उभा करून दोघांना बोलायला लावले की चूक सर्वांच्या समोर होते आणि लक्षात राहते.

पहिला प्रसंग वचनाचा. मूल विचारते, ‘तू परत येशील ना?’ बहुतेक तरुण ‘नक्की येईन’ म्हणून मोकळे होतात. सरावात त्यांना ‘मी शुक्रवारी जाणार आहे. परत येईन की नाही ते मला माहीत नाही. पण तुझ्या मावशी इथेच असतील’ असे म्हणायला लावावे. ही तीन वाक्ये तोंडातून बाहेर पडायला पहिल्या वेळी जड जातात. म्हणूनच ती घरी म्हणून पाहायची.

दुसरा प्रसंग गुपिताचा. एखादा मुलगा सांगतो की त्याला कोणी मारते किंवा नको तसा स्पर्श करते, आणि कोणाला सांगू नकोस अशी गळ घालतो. अशा वेळी शांतपणे ऐकावे, खोदून प्रश्न विचारू नयेत, गुप्ततेचे वचन देऊ नये, ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, हे मला तुझ्या सुरक्षिततेसाठी एका व्यक्तीला सांगावे लागेल’ एवढे म्हणावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी वेळेसह लिहून काढावेत आणि नेमून दिलेल्या बालसंरक्षण अधिकाऱ्याकडे द्यावेत. आरोप त्याच अधिकाऱ्यावर वा संस्थाचालकावर असेल तर कोणाकडे जायचे, हे निघण्यापूर्वीच यजमान संस्थेशी बोलून आणि त्या देशातील बालसंरक्षण यंत्रणेची माहिती काढून लेखी ठरलेले असावे. ही ओळ नियोजनात हमखास राहून जाते.

तिसरा विषय फोटोंचा. मुलांचे चेहरे, नावे, गणवेश, इमारतीची पाटी, यांतील काहीही समाजमाध्यमांवर जाणार नाही, असा सरसकट नियम करावा. बालहक्क संहितेचे सोळावे कलम मुलाच्या खासगी जीवनाचे रक्षण करते. मारहाण करणाऱ्या घरापासून दूर ठेवलेल्या मुलाचा पत्ता एका फोटोतून उघड होऊ शकतो, हे सांगितले की नियमाचे कारण पटते. संस्थेने संमतिपत्र दिले आहे म्हणून नियम मोडू नये. ज्या मुलाला नकार देणे शक्यच नव्हते त्याची संमती ही संमती नव्हे. फोन दिवसा एका पेटीत ठेवावेत. पहिले दोन दिवस कुरकुर होते, तिसऱ्या दिवशी कोणी पेटीची आठवणही काढत नाही.

याखेरीज काही साधे नियम लेखी असावेत: मुलासोबत कोणीही एकटे, बंद दाराआड राहणार नाही, एका मुलाला वेगळी भेटवस्तू वा पैसे दिले जाणार नाहीत, मुलांना गटाच्या निवासात आणले जाणार नाही, शरीराला स्पर्श करण्याची सुरुवात आपण करणार नाही, आणि वैयक्तिक फोन क्रमांक कोणालाही दिले जाणार नाहीत. नियम मोडणारा सदस्य स्वखर्चाने परत येईल, हे संमतिपत्रातच लिहून पालकांची सही घ्यावी.

६. कागदपत्रे, आरोग्य, पैसा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो उशिरा केल्यास सगळेच अडते. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करणे बेकायदा ठरते, मग पगार मिळत नसला तरीही. त्यामुळे योग्य व्हिसाची चौकशी दूतावासातच करावी, मध्यस्थाच्या शब्दावर राहू नये. अठरा वर्षांखालील सदस्य पालकांशिवाय सीमा ओलांडणार असल्यास पालकांचे साक्षांकित संमतिपत्र जवळ असावे. विम्यात वैद्यकीय उपचार, तातडीने मायदेशी आणणे आणि कामाच्या ठिकाणी झालेला अपघात, तिन्ही असल्याची पॉलिसी वाचून खात्री करावी.

लसीकरणासाठी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. पिवळ्या तापाची लस काही देशांत प्रवेशासाठी अनिवार्य असते आणि तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवसानंतरच ग्राह्य होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. गोवर आणि क्षय यांच्याबाबत उलट दिशेनेही विचार करावा. दाटीने राहणाऱ्या मुलांपर्यंत संसर्ग आपण घेऊन जाऊ नये, म्हणून ताप असलेला सदस्य त्या दिवशी निवासातच थांबेल.

जमाखर्च सर्वांना दिसेल असा ठेवावा. यजमान संस्थेला रोख रक्कम देऊ नये, बँकेमार्फत द्यावी. जुने कपडे आणि खेळणी पेटाऱ्यांत भरून नेण्याचा मोह आवरावा. लागणारी वस्तू संस्थेला विचारून तेथील बाजारातूनच घ्यावी.

७. तेथे पोहोचल्यावर

पहिला पूर्ण दिवस कर्मचाऱ्यांबरोबर घालवावा. त्यांची नावे, त्यांचे कामाचे तास आणि गटामुळे त्यांचे काम कोठे वाढेल, हे विचारून घ्यावे. पाहुण्यांचा स्वयंपाक आणि धुणेभांडी त्यांच्यावर पडणार असतील तर आपली मदत त्यांच्या हिशेबात तोट्यातच जाते. आमचे जेवण आम्हीच करणार, हे ठरवून जावे. एखादे मूल रडत आपल्याकडे आले तर त्याला हाताला धरून त्याच्या मावशींकडे न्यावे आणि सांत्वन त्यांना करू द्यावे. हे दिसायला कोरडे वाटते, पण रडू आल्यावर कोणाकडे जायचे ते त्या मुलाला पक्के होत जाते.

जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करावी. आता आम्ही शिबिराच्या खोलीत एक मोठे दिनदर्शिकेचे पान लावतो, स्थानिक शिक्षिका रोज सकाळी मुलांकडून एक चौकोन खोडून घेते आणि शेवटच्या चौकोनात लहानसे विमान काढलेले असते. एका सात वर्षांच्या मुलीने त्या विमानापुढचे चौकोनही भरले होते. त्यांत तिने शाळा, शाळा, शाळा, आणि रविवारी आजी, असे लिहिले होते. निरोपाचा कार्यक्रम छोटा, दिवसा आणि कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत व्हावा; रात्रीच्या अंधारात भाषणे आणि मेणबत्त्या नकोत.

गटाची बैठक रोज संध्याकाळी अर्धा तास घ्यावी. काय पाहिले, काय समजले नाही, कोणाला काय जड गेले, एवढेच विचारावे. संस्थेतील शिस्त किंवा मुलांना रागावण्याची पद्धत पाहून तरुण संतापतात. मारहाण किंवा दुर्लक्ष असेल तर त्याची नोंद ठरलेल्या मार्गाने झालीच पाहिजे. केवळ सवयीचा फरक असेल तर तो समजून घेण्यासाठी दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांनाच विचारावे. या दोहोंतील सीमा गटप्रमुखाला दरवेळी सापडतेच असे नाही, म्हणून मायदेशातील एका अनुभवी व्यक्तीला रोज फोन करण्याची सोय ठेवावी.

८. परतल्यावर

दोन आठवड्यांच्या आत एक पूर्ण दिवसाची बैठक घ्यावी. परतलेल्या तरुणांना घरी सगळे काही विचित्र वाटू लागते, काहींना अपराधी वाटते, काही जण लगेच पुन्हा जाण्याची भाषा करतात. ज्यांना हे काम पुढे करायचे आहे त्यांना आपल्याच परिसरातील पालक-कुटुंबांना मदत करणाऱ्या किंवा संगोपनातून बाहेर पडलेल्या तरुणांना आधार देणाऱ्या संस्थेत दर आठवड्याला जाण्याचे सुचवावे. तेथे दोन वर्षे टिकलेला सदस्य पुढच्या गटाचा नेता होण्याच्या योग्यतेचा असतो.

अनुभवकथनाचे कार्यक्रम होतात, तेव्हा व्यासपीठावरील भाषा आधी तपासून घ्यावी. ‘आम्ही त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणले’ अशी वाक्ये काढून टाकावीत आणि तेथील समाजकार्यकर्ते काय करतात, त्यांना कशाची गरज आहे, हे सांगावे. मुलांच्या वैयक्तिक कहाण्या नाव बदलूनही सांगू नयेत, कारण त्या कहाण्या त्यांच्या आहेत आणि कधीतरी मोठेपणी ती मुले त्या वाचतीलही. मुलांना पत्रे पाठवायची असतील तर गटाच्या नावाने एकच पत्र संस्थेमार्फत जावे.

तीन महिन्यांनी यजमान संस्थेतील कर्मचाऱ्यांना एक छोटी प्रश्नावली पाठवावी आणि ती संस्थाचालकांऐवजी थेट त्यांच्याकडून, त्यांच्या भाषेत भरून घ्यावी. आम्ही गेल्यावर मुलांची झोप, जेवण, शाळा यांत काय फरक पडला? तुमचे काम कमी झाले की वाढले? आम्ही केलेल्या दुरुस्तीतील काय अजून टिकले आहे? पुढच्या वर्षी आम्ही यावे का, आणि यायचे तर किती जणांनी, कोणत्या कामासाठी? तिकिटांच्या तारखा ही उत्तरे हाती आल्यावर ठरवाव्यात. आम्हाला एकदा ‘या वर्षी नको, नव्या समाजकार्यकर्त्याला मुलांशी जुळवून घ्यायला वेळ हवा आहे’ असे उत्तर आले होते, आणि त्या वर्षी आम्ही फक्त त्या नव्या कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणाचे शुल्क पाठवले.